बंबापुढची जागा

लोखंडी भांड्यात पाणी नसताना खाली जाळ केला तर काय होतं, हे कळायला फार मोठी विद्या लागत नाही. रिकामं पातेलं चुलीवर विसरलेल्या कुठल्याही बाईला विचारा. ही एवढीशी गोष्ट मी मालकाला सांगितली, मुनिमाला सांगितली, लोहाराला सांगितली, आणि इतक्या वेळा सांगितली की शेवटी मला माझाच आवाज नकोसा झाला. तरी व्हायचं ते झालंच. निजामाचं राज्य जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे लिहायला बसलो की अजून अक्षर वाकडं येतं. घरचे म्हणतात वय झालं. मी म्हणतो, राग आहे.

जर्मनीच्या लढाईचा काळ होता. मी तेव्हा पंचविशीत होतो. हैदराबादेला रेल्वेच्या कारखान्यात फिटरकाम शिकून गावी, पेडगावला, परत आलो होतो आणि मानवतकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका जिनात मला काम मिळालं होतं. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. मालकांना सगळे अप्पा म्हणायचे. माणूस शिवभक्त, पहाटे उठून अंघोळ आणि लिंगपूजा केल्याशिवाय पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. माझ्याही गळ्यात लिंग होतं, आमचंही घर त्याच वाटेचं. त्यामुळे मालकांचा माझ्यावर जीव होता. पुढे याच गोष्टीनं माझं तोंड बंद केलं.

जिनाचं इंजिन तेलावर चालायचं. लढाईमुळे चांगलं तेल मिळेनासं झालं. जे यायचं ते काकवीसारखं दाट, आणि पौषातल्या सकाळी तर ते नळीतून हलायलाच तयार नसायचं. इंजिन गारठून बसलेलं असायचं. आठ माणसं त्याच्या मोठ्या चाकाला लोंबकळायची, घामाघूम व्हायची, आणि इंजिन एकदा खोकून पुन्हा गप्प. बाहेर थेट जिंतूरपर्यंतच्या गाड्या कापूस घेऊन उभ्या असायच्या. गाडीवान शिव्या द्यायचे. त्या शिव्या मालकांना ऐकू जायच्या आणि मालक त्या माझ्यापर्यंत पोचवायचे.

उपाय मला माहीत होता. इंजिनाभोवती जे गार पाणी फिरतं, तेच सकाळी गरम करून फिरवलं की इंजिनाचं अंग तापतं आणि ते पहिल्या झटक्याला सुरू होतं. त्यासाठी एका बंद पडलेल्या गिरणीतून मी एक हीटर शोधून आणला. कमरेएवढं उंच ओतीव लोखंडाचं भांडं, पोटात जाळ करायची जागा, आणि जाळाभोवती पाणी. पाण्याच्या टाकीतून गार पाणी खालच्या नळानं हीटरमध्ये यायचं, तापलं की हलकं होऊन वरच्या नळानं पुन्हा टाकीत चढायचं. पंप नाही, काही नाही. पाणी आपसूक फिरत राहतं. पण त्याच्या अटी असतात आणि त्यातली एक मोडली तरी ते फिरत नाही.

पहिली अट अशी की हीटर टाकीच्या खाली पाहिजे. त्यासाठी मी इंजिनघरात छातीएवढा खड्डा खणला. मुनिमाला तो वर ओट्यावर हवा होता, राख काढायला सोपं म्हणून. मुनीम म्हणजे कापसाच्या वजनात हुशार माणूस, पण पाणी वर चढायचं असेल तर ते आधी खाली असावं लागतं, हे त्याच्या टाळक्यात शिरायला मला चार दिवस लागले. दुसरी अट, वरचा नळ शेवटपर्यंत चढताच पाहिजे, मध्ये कुठे लवता कामा नये, नाहीतर तिथे हवा अडकते. तिसरी, त्या नळावर चावी बसवायची नाही, म्हणजे कुणी चुकून बंद करणार नाही. आणि सगळ्यात मोठी, आधी पाणी, मग जाळ. टाकी खुणेपर्यंत भरल्याशिवाय काडी ओढायची नाही. सांधे मी अंबाडीचे धागे आणि शेंदूर लावून घट्ट केले आणि त्याच शेंदरानं टाकीवर आतून बाहेरून खुणेची रेघ ओढली. पाणी या रेघेच्या खाली जाऊ द्यायचं नाही.

आता गंमत बघा. आठवड्याच्या आत त्या रेघेखाली फुलं दिसायला लागली. शेंदूर दिसला की हात जोडायचे, ही आपल्या लोकांची खोड. येता जाता प्रत्येक जण रेघेला हात लावून कपाळाला लावायचा. कुणी हळद वाहिली, कुणी उदबत्ती खोचली. पाणी रेघेच्या वर आहे की खाली, एवढंच तेवढं कुणी पाहायचं नाही. मी चिडलो की म्हणायचे, मिस्त्री, देवाला कामून नावं ठेवायलाव. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

पण हीटर चालला. पहिल्याच सकाळी इंजिन गुमान सुरू झालं आणि मालकांनी सगळ्यांना गूळ वाटला. त्या दिवसापासून मी जिनात छाती काढून चालायला लागलो, हेही सांगून टाकतो.

हीटरला लोक बंब म्हणायला लागले. दिसायला होताच तो तसा, घरच्या अंघोळीच्या तांब्याच्या बंबाचा थोरला भाऊ. मी किती सांगितलं, हा बंब नव्हे, याची रीत वेगळी. कोण ऐकतो? शेवटी मीही बंबच म्हणायला लागलो.

बंबापुढे जाळ घालायला एक माणूस लागायचा. मालकांनी ठेवला तो पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा, पांढऱ्या दाढीचा आगवाला. सगळे त्याला चाचा म्हणायचे. आधी तो मशिदीच्या हमामात नमाज्यांसाठी पाणी तापवायचा. जाळ कसा धरावा हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळल्या कपाशीच्या, काड्या अशा बेतानं सारायचा की धूर म्हणून व्हायचा नाही. खड्ड्यात, बंबाच्या तोंडापासून हातभर अंतरावर, भिंतीला पाठ लावून तो दिवसाचे पहिले तीन-चार तास बसायचा. मी खड्ड्याच्या काठावर उभा राहून वरूनच सांगायचो, चाचा, जाळ वाढवा. चाचा, जाळ कमी करा. तो मान हलवायचा. आमचं बोलणं एवढंच.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग मी दोन दिवस परभणीला गेलो.

इंजिनाचं काही सामान आणायचं होतं. परत आलो तर बंबाच्या बुडाशी एक पितळी तोटी चमकत होती. खाली बादली. बादलीत वाफाळतं पाणी. मला क्षणभर कळेचना की मी काय बघतोय. त्या जागी मी एक बूच घट्ट बसवलेलं होतं. वर्षातून एकदा जाळ विझवून, बंब थंड करून, तळाचा गाळ काढायचं ते भोक. गावातल्या लोहारानं ते बूच काढून तिथे तोटी ठोकली होती. भोक आयतं होतं, आटे आयते होते, त्याला काय?

मालक आतल्या खोलीत पूजा उरकून बसले होते. कपाळावर भस्माचे पट्टे, चेहऱ्यावर समाधान.

"अप्पा, ती तोटी कुणी बसवली?"

"आमीच बसवून घेतली. इतकं पाणी तापायलाय, अन् आमी हितं गार पाण्यानं कुडकुडत अंगूळ करायची व्हय? कामून, काय झालं?"

"ते गाळ काढायचं भोक हाय, अप्पा. सगळ्यात खाली हाय. तिथून पाणी घेतलं तर टाकी रिकामी व्हईल, मग बंब रिकामा व्हईल. अन् खाली जाळ असंल."

"घरच्या बंबाला तोटी खालीच असती की."

"घरच्या बंबात एक बादली काढली की एक बादली वर वततात. हितं टाकी भरायला एकच बाई हाय, अन् ती विहिरीवरून घागरीनं आणती. ती पाणी आणंपर्यंत चार जणांनी तोटी सोडली तर?"

"मग तिला सांगू, जरा भराभर आण म्हणून," मालक म्हणाले आणि हसले. मुनीमही हसला. मुनिमाला मालक हसले की हसायचा पगार होता.

मी काही हसलो नाही. त्याच दुपारी जाळ विझल्यावर तोटी काढली, बूच बसवलं, पान्यानं होता नव्हता तेवढा जोर लावून आवळलं. चौथ्या दिवशी तोटी पुन्हा जागेवर. मी पुन्हा काढली. मग मालकांनी मला बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मिस्त्री, तुमच्या गळ्यात लिंग हाय न्हवं? अंगूळ केल्याबिगर पूजा न्हाई, हे तुमाला म्या सांगावं? शिवाच्या पूजेच्या पाण्याला तुमी आडवे येताव?"

वाद पाण्याच्या पातळीचा, आणि त्यांनी तो नेऊन ठेवला देवापाशी. भोवती उभे असलेले आमच्याच वाटेचे लोक माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी पिंडीवर पाय दिला. मी तरी एक मार्ग सुचवला. टाकीलाच वर, शेंदराच्या रेघेच्या वर, तोटी बसवतो. तिथून कितीही पाणी काढा, पाणी रेघेपाशी आलं की तोटी आपोआप कोरडी पडेल, बंबाला धक्का नाही. फक्त एक दिवस इंजिन बंद ठेवावं लागेल.

"एक दिवस?" मालक म्हणाले. "गाड्यांची रांग बगितली का तुमी? शिवरात्र होऊ द्या. मग करू."

मला तिथेच अडून बसायला हवं होतं. मी नाही बसलो. मी काय केलं ते लिहितो, कारण ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला राग आला, नाक वर केलं, आणि मनात म्हणालो, फुटू दे एकदा, मग कळेल यांना मिस्त्री काय सांगत होता. पान्यांची पिशवी उचलून मी इंजिनाकडे गेलो आणि त्या तोटीकडे पुन्हा बघितलंच नाही. माझा राग इतका मोठा होता की त्यात बाकी काही दिसायला जागाच नव्हती.

शिवरात्र आली. खरं तर त्या दिवशी जिन बंद असायचं. पण कापसाचे ढीग छपराला टेकले होते. मालकांनी आदल्या दिवशी सगळ्यांना गोळा करून सांगितलं की सण असला तरी कामावर या. पहाटे इथेच या, अंघोळीला गरम पाणी जिनातलं, फराळ माझ्याकडचा, पूजा इथेच करू आणि मग इंजिन सुरू करू. लोक खूश झाले. माघातली पहाट काही ऊबदार नसते, आणि घरी कुणाकडे एवढं सरपण होतं?

पहाटे उजाडता उजाडता तीस-चाळीस माणसं आली. बादल्या, तांबे, डोक्याला गुंडाळलेली उपरणी. खड्ड्याशी रांग लागली. एक जण खड्ड्यात वाकून बादली भरायचा, वरच्याच्या हातात द्यायचा. हर हर महादेव चाललं होतं. मीही त्या रांगेत होतो. मीही एक बादली घेतली. थंडी होती, पाणी छान कढत होतं, आणि अंगावर ओतताना मला बरं वाटलं. ही बादली मला आयुष्यभर पुरली आहे.

टाकी भरणाऱ्या बाईला मुनिमानं बेल निवडायला आणि पूजेची जागा सारवायला लावलं होतं. म्हणजे पाणी काढणारे चाळीस आणि भरणारं कुणी नाही. आणि खाली जाळापाशी चाचा. त्या सगळ्या माणसांत सण नसलेला तो एकटा, म्हणून जाळापाशी तोच. मुनीम वरून त्याला सांगत होता, जाळ मोठा करा, पाणी कोमट यायलंय. पाणी कोमट येत होतं कारण ते तापायला थांबतच नव्हतं. चाचानं पऱ्हाट्यांवर पऱ्हाट्या घातल्या.

मी अंघोळ करून अंग पुसत विहिरीकडे उभा होतो. तोटी आधी बारीक झाली, मग गुरगुरली, मग बंद पडली, हे मला मागून कळलं. लोक पांगले, पूजेला जाऊन बसले. जाळ तसाच फुललेला. किती वेळ तसा राहिला कुणास ठाऊक. पंचवीस-तीस माणसांच्या कपाळाला भस्म लावून होईस्तोवर तरी नक्की. मग चाचाची हाक ऐकू आली. बाईला तो सांगत होता, "बाई, पानी सरलंय, जल्दी दोन घागरी वत."

हमामात तो आयुष्यभर हेच करत आला होता. गरम पाणी संपलं की वरून गार ओतायचं. आपल्या घरोघरी बंबाशी हेच करतात. मला हाकेचा अर्थ लागेपर्यंत बाई बिचारी बेल टाकून धावली आणि टाकीत घागर ओतली. मग दुसरी. ते गार पाणी खालच्या नळानं सरळ त्या कोरड्या, लाल झालेल्या लोखंडात उतरलं, आणि चाचा त्या वेळी पाणी आलं का बघायला बंबाच्या तोंडाशी वाकलेला होता.

आवाज फार मोठा झाला नाही. दगडावर रांजण फुटावा एवढाच. पण पाठोपाठ जी वाफ सुटली तिचा फुत्कार मी अजून विसरलो नाही. इंजिनघर पांढरं झालं. मी आत घुसलो तर काही दिसेना. खड्ड्यातून वर यायला पायरी एकच, आणि ती मी बंबाच्या तोंडाकडच्या बाजूला खणलेली. म्हणजे बाहेर पडायला त्याला वाफेतूनच यावं लागणार होतं. तो आला नाही. भिंतीकडे तोंड करून, डोक्यावर हात धरून तो खड्ड्याच्या कोपऱ्यात बसला होता. मी आणि गाडीवानांतला एक जण, दोघांनी त्याला काखेत धरून वर ओढलं. त्याच्या हातांची कातडी माझ्या हाताला लागून आली.

मालकांबद्दल खोटं बोलणार नाही. ते धावत आले, स्वतःची शाल चाचाच्या अंगाखाली घातली, स्वतःच्या छकड्यातून त्याला दवाखान्यात नेलं, आणि त्या दिवशी फराळालाही शिवले नाहीत. ते रडलेही. त्यामुळे माझा राग कमी झाला असेल असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. उलट वाढला. रडायला आलं तर मग आधी ऐकायला काय झालं होतं?

दुसऱ्या दिवशी पोलिसांचे अमीन आले. पंचनामा उर्दूत लिहिला गेला आणि मजकूर मुनिमानं तोंडी सांगितला. मला उर्दू वाचता येत होतं. आगवाल्याला डुलकी लागली, टाकीतलं पाणी संपल्याचं त्याच्या ध्यानात आलं नाही, आगवाल्याची गफलत, असं त्यात लिहिलं होतं. तोटीचा उल्लेख नाही. चाळीस बादल्यांचा नाही. तोटी तर रातोरात काढून टाकली होती. खाली पंचांच्या सह्या होत्या आणि माझ्या दस्तखतासाठी जागा सोडली होती, कारण मी फिटर.

"मी सही करणार नाही," मी म्हणालो.

मालक शांतपणे म्हणाले, "मिस्त्री, माणूस वाचलाय. त्याच्या दवापाण्याचं समदं मी बघायलोय. आता कागुद वाडवून काय फायदा?"

"तो झोपला न्हवता, अप्पा. तो एकटाच जागा व्हता."

"मग आमच्या जिनात पाय ठेवू नका."

"न्हाई ठेवत," म्हणालो आणि निघालो. पिशवी खांद्यावर टाकून रस्त्यानं चालताना मला फार बरं वाटत होतं, हे लपवत नाही. आपण खऱ्याला धरून राहिलो, नोकरीवर लाथ मारली. हे चाचाला सांगायचं म्हणून मी तडक दवाखान्यात गेलो.

तो खाटेवर पडला होता. दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले, पायांना मलम, एका डोळ्यावर कापूस. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. कागदात काय लिहिलंय, मी सही कशी नाकारली, मालकांच्या तोंडावर काय बोललो. मला वाटलं तो दुवा देईल.

तो म्हणाला, "म्या बी तसंच कबूल केलंय, जबानीवर अंगठा दिलाय. सकाळीच मुनीम आला व्हता."

त्याचे हात बांधलेले होते. मी विचारलं, कसला अंगठा? तो म्हणाला, डाव्या हाताची पट्टी जरा सोडली, उजव्याला रेघाच राहिल्या नाहीत.

मी भडकलो. त्या जळालेल्या माणसावर ओरडलो. तुमी स्वतःच स्वतःला गुन्हेगार ठरवलं, मी हितं नोकरी सोडून आलो, तुमाला काही वाटत न्हाई का? शेजारच्या खाटेवरचा रोगी उठून बसला. चाचा माझं सगळं बोलणं संपेपर्यंत थांबला.

"मिस्त्री, तुमच्या हातात हुनर हाय," तो म्हणाला. "तुमी दुसऱ्या जिनात जाताल. माझे हात आता कामाचे न्हाईत. अप्पानं कबूल केलंय, येत्या हंगामात माझ्या जागी माझा धाकटा भाऊ बसंल. घरात सात तोंडं हायती. म्हणून दिला अंगठा."

मग म्हणाला, "तुमाला ठावं व्हतं न्हवं, पानी सरल्यावर वरून वतायचं नसतं म्हणून?"

"व्हतं."

"मुनीम म्हणला, मिस्त्री समद्यांशी भांडला म्हणून. अप्पाशी भांडला, लोहाराशी भांडला. मला तर कुनी सांगितलंच न्हाई."

त्यात राग नव्हता. असता तर मला परत काहीतरी बोलता आलं असतं. तो नुसतं विचारल्यासारखं बोलला आणि पाणी मागितलं. मी त्याच्या तोंडाला तांब्या लावला.

मी जिंतूरला दुसऱ्या जिनात लागलो. दिवाळीनंतर मालकांचा माणूस आला. नवा बंब आणलाय, या भागात तो बसवणारा दुसरा कुणी नाही, मागचं विसरा, या. मी मागचं काही विसरलो नव्हतो आणि मालकांसाठी तर मी उंबऱ्यावरही गेलो नसतो. पण खड्ड्यात कोण बसणार होतं ते मला माहीत होतं. गेलो. बुडाच्या भोकाला मी बूच लावून त्याचं डोकंच कापून टाकलं, म्हणजे पान्याला पकड मिळू नये. अंघोळीची तोटी टाकीला वर बसवली. खड्ड्याला माणसाच्या पाठीशी दुसऱ्या पायऱ्या खणल्या. या सगळ्याला आठ दिवस लागले आणि या वेळी गाड्यांच्या रांगेचा विषय कुणी काढला नाही.

पेटवायच्या दिवशी मालकांनी मुहूर्त काढला होता. नारळ, उदबत्त्या, सगळे जमलेले. चाचाचा भाऊ खड्ड्यात जाऊन बसला, तिशीतला गडी, हातात काड्यांची पेटी. मी खाली उतरलो, या वेळी काठावर उभा राहिलो नाही. त्याच्या शेजारी मांडी घालून बसलो आणि विचारलं, "टाकीतलं पाणी सरलं अन् खाली जाळ असंल, तर काय करशील?"

त्यानं जराही विचार केला नाही. "वरून पानी वतीन," तो म्हणाला. ज्याचा भाऊ तसंच करून भाजला होता, त्यानंही हेच सांगितलं, कारण त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं. दहा महिने झाले होते. भावाला डुलकी लागली म्हणून बंब फुटला, असंच तोही समजून चालला होता.

मी त्याच्या हातातून काड्यांची पेटी काढून घेतली. जाळ असताना वरून पाणी का ओतायचं नाही, लोखंड लाल कसं होतं, तडकतं कसं, सगळं बोटानं राखेत काढून दाखवलं. पाणी दिसेनासं झालं की कशालाही हात लावायचा नाही, कुणाला हाक मारायची नाही, मागच्या पायऱ्यांनी वर यायचं, बाईला धरून बाहेर न्यायचं आणि लोखंड गार होईस्तोवर आत कुणाला येऊ द्यायचं नाही. मालकांनाही नाही. मग त्याला म्हटलं, आता तू मला सांग. तो अडखळला. पुन्हा सांगितलं. त्याला तीन वेळा त्या पायऱ्या चढून बाहेर पळायला लावलं. वरून मुनीम ओरडायला लागला की मुहूर्त टळायलाय. मालक काठावर येऊन वाकले आणि म्हणाले, "मिस्त्री, बास करा की आता."

"तुमच्याशी बोललो तेवढं बास," मी म्हणालो. "आता त्याच्याशी बोलायलोय."

मुहूर्त टळला. मी चौथ्यांदा त्याला विचारलं, पाणी सरलं तर काय करशील?